चहा संपल्याशिवाय उठायचं नाही

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती फुकट तपासणी बाळापूरच्या माणसाला खरोखर केवढ्याला पडत होती, याचा हिशोब मात्र भिंतीवर नसतो. तो मी फाटकासमोर उभा राहून केलेला आहे. एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट. एका दिवसाची बुडालेली मजुरी. घरी सांगायला एखाद्या दूरच्या नातेवाइकाची मयत. दूरचे नातेवाईक संपले, की दाढदुखी. तोंडाला गुंडाळायला दुपट्टा, आणि ऊन नसेल तर त्या दुपट्ट्याचं कारण. फाटकातून आत शिरून तसंच बाहेर येण्याच्या चार-दोन खेपा. एवढा खर्च करून माणूस खोलीपर्यंत पोचला, की पुढची सुई खरोखरच फुकट. आणि शेवटी एक चहा. तोही त्याला फुकट, कारण त्याचे पैसे खोलीतल्या बाई पदरचे देत.

त्या बाई म्हणजे आदरणीय प्रमिलाताई इंगळे. आणि तो चहा माझा.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळानं मला फोन केला, तेव्हा मी सरळ सांगितलं, "साहेब, मी चहावाला माणूस. मले कायचं लिहिता येते?" ते म्हणाले, डॉक्टर मंडळी ताईंच्या कार्याबद्दल लिहितीलच, पण ताईंना रोज पाहिलेला माणूस तुम्ही एकटेच. हे मात्र खरं आहे. पाहिलं आहे आणि त्याहून जास्त ऐकलं आहे. टपरीवाल्याला पाण्याचा उकळता आवाज ऐकता ऐकता चार बाकांवरचं बोलणंही ऐकता यावं लागतं, नाहीतर उधारीवाला कोण आणि मुलगा झालेला कोण हे कळत नाही. त्या कानांच्या जोरावर मी हा लेख लिहायला घेतला आहे.

ताई मूळच्या अमरावतीच्या. समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्या अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी केंद्राच्या समुपदेशक म्हणून रुजू झाल्या आणि पुढे कित्येक वर्षं बडनेऱ्याहून रोज रेल्वेनं जाऊन येऊन करत राहिल्या. त्या वेळी दवाखान्याच्या फाटकावर चहाच्या तीन टपऱ्या होत्या. एक रशीदभाईंची, एक पोलीस चौकीला लागून असलेली, आणि तिसरी माझी, जिला मी हातगाडीवरून नुकतंच पत्र्याच्या छपराखाली आणलं होतं.

एका दुपारी ताई फाटकाबाहेर आल्या. आधी रशीदभाईंकडे बसून त्यांनी पूर्ण ग्लास चहा घेतला. मग चौकीपाशी घेतला, तोही पूर्ण. मग माझ्याकडे आल्या. पहिला घोट घेतला आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. ग्लासाकडे पाहिलं. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "यात काय घालता?"

म्हटलं, "घरचा मसाला आहे जी. सुंठ, मिरे, लवंग, ओवा अन् एक चीज मी कोणाले सांगत नाही."

"रोज असाच होतो?"

"रोज असाच. चवीत फरक पडला तं टपरी बंद करीन."

त्या थोडा वेळ विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या खोलीत तुमचाच चहा. केटली दाराशी ठेवायची, आत यायचं नाही."

त्या दिवशी रशीदभाई रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. चिडलेले नव्हते, पण चकित होते. "शेषराव, मॅडमनं मेरी चाय पूरी पी. आखरी बूंद तक पी. और काम तेरेकू दिया! ये कायचा हिसाब हाय?" मी म्हटलं, "रशीदभाई, पसंत अपनी अपनी." मी स्वतः चहा पीत नाही. मला आम्लपित्ताचा त्रास, डॉक्टरांनी तरुणपणीच चहा बंद केला. पण तीन टपऱ्यांचा चहा चाखून, विचार करून, एका शिकलेल्या बाईंनी माझा निवडला, यापुढे मला स्वतः पिऊन पाहण्याची काय गरज होती? आज अकोला-अमरावती रस्त्यावर माझी चार दुकानं आहेत. चारही दुकानांच्या पाटीवर नावाखाली एक ओळ आहे: 'सरकारी दवाखान्याची पहिली पसंती'. ती ओळ त्या दुपारची आहे.

ताईंच्या खोलीचा एक नियम होता. निकाल सांगून झाला, की प्रत्येकाला एक ग्लास चहा, आणि चहा संपल्याशिवाय उठायचं नाही. निकाल कोणताही असो. शेतकरी असो की तहसीलदार. हा नियम मला फार आवडला, कारण त्यात माझी विक्री होती. पण त्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला, आणि त्या वेळात मी एक मोठी गडबड करून बसलो.

झालं असं, की केटली दाराशी ठेवून मी बाहेर थांबत असे आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे पाहत असे. पहिला माणूस आला तो लाल डोळ्यांनी, रुमालात खोकत. मला वाईट वाटलं. दुसरा आला, त्याचंही नाक वाहत होतं. तिसऱ्या बाईंनी तर पदर तोंडाला लावलेला. आठवडाभर मी पाहिलं, एकही माणूस कोरड्या डोळ्यांनी बाहेर आला नाही. शनिवारी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, "लीले, सारा अकोला गेला. एकही वाचला नाही." लीलाबाईंनी हे गल्लीत सांगितलं. सोमवारी बाजारात मला एका माणसानं विचारलं, "शेषरावभाऊ, टक्का शंभर झाला म्हणते, खरं हाय का?"

ही गोष्ट ताईंपर्यंत गेली. त्यांनी मला खोलीच्या दाराशी उभं केलं आणि विचारलं, "किती लोकांना आहे म्हणता तुम्ही?"

"सगळ्यायलेच."

"कशावरून?"

"तोंडावरून."

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडावरून कळलं असतं तर सरकारनं मला कशाला नेमलं असतं? आरसा लावला असता. शेषराव, इथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना काहीही निघत नाही. ज्यांना निघतं, ते तुमच्या-माझ्यासारखेच दिसतात, वर्षानुवर्षं दिसतात. आजार दिसत नाही, म्हणूनच तपासावं लागतं. तपासलं त्यांचं मला माहीत आहे. न तपासलेल्यांचं त्यांनाही माहीत नाही. खरी भानगड ती आहे."

एवढं बोलून त्यांनी मला गल्लीत परत पाठवलं, शंभर टक्क्यांची बातमी मागे घेण्यासाठी. बातमी देताना जेवढे लोक जमले होते, तेवढे मागे घेताना जमले नाहीत.

ताईंच्या कामात एक पाहुणा रोज येई, त्याचं नाव 'मित्र'. अकोल्यात, अमरावतीत, अगदी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांतही हा मित्र सगळ्यांना ओळखीचा. दार अर्धं उघडं असायचं तेव्हा मी हे किती वेळा ऐकलं असेल: "मॅडम, माह्या एका मित्राले विचारायचं होतं." ताई त्या मित्राची चौकशी इतक्या आपुलकीनं करत, की मित्रालाही बरं वाटावं. सुई कोणाची कोणाला वापरली होती का, निरोध वापरला होता का, घटनेला किती दिवस झाले. मग म्हणत, "तुमच्या मित्राला म्हणावं, बाही वर करा." आणि समोरचा माणूस मुकाट्यानं बाही वर करी.

एकदा मी प्रसूती विभागात चहा द्यायला गेलो, तेव्हा ताई तिथे होत्या. गरोदर बायकांची ही तपासणी पहिल्या खेपेलाच व्हावी यासाठी त्या पाठपुरावा करत. एक सासूबाई हात ओवाळून भांडत होत्या, "आमच्या सुनेवर संशय घेता का जी तुमी? आमचं घर इज्जतदार हाय!" ताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, संशय कोणावरच नाही. आईला असेल तर पोटातल्या लेकराला लागू शकतं, आणि वेळेत कळलं तर औषधानं लेकरू वाचवता येतं. ही तपासणी सुनेची नाही, तुमच्या नातवाची आहे." सासूबाईंनी हात खाली घेतले. मग सुनेला म्हणाल्या, "कर वो बाई. अन् नातूच म्हणाली ते, ऐकलं न तू?"

आता ताईंच्या एका उपकाराबद्दल. माझी टपरी एकदा जवळजवळ बुडाली होती. कोणीतरी उठवलं, की शेषरावचे ग्लास त्या खोलीत जातात, उष्ट्या ग्लासातून रोग पसरते. दोन दिवसांत माझे बाक रिकामे झाले. रशीदभाईंकडे उभं राहायला जागा नाही आणि माझ्याकडे माशा. मी ताईंना म्हटलं, "मॅडम, चहा बंद करतो. पोटावर पाय येऊन राहिला."

ताईंनी भाषण केलं नाही. त्या खोलीतून आलेला ग्लास घेऊन फाटकाबाहेर आल्या, माझ्या बादलीत विसळला, माझ्याच हातून त्यात चहा ओतून घेतला आणि भर दुपारी, सगळ्या रस्त्यासमोर, बाकावर बसून शेवटपर्यंत प्यायल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, माझ्या दुःखानं. मग उभ्या राहून लोकांना म्हणाल्या, "उष्ट्यातून होत नाही. शेजारी बसल्यानं होत नाही, हात मिळवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. असुरक्षित संबंधातून होतं, दूषित रक्त आणि सुईतून होतं, आईकडून बाळाला होतं. ग्लासातून झालं असतं तर मी आधी गेले असते."

गर्दीतून रशीदभाई पुढे आले. धंद्यातला माणूस, पण मनाचा मोठा. म्हणाले, "लाव, मेरेकू भी दे. उसी ग्लास में." त्यांनी एका दमात चहा घेतला आणि नंतर बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनीही माझा घट्ट धरला. ताई पुढे महिनाभर रोज दुपारी बाहेर येऊन तसाच चहा प्यायल्या, अफवा मरेपर्यंत. गिऱ्हाइकं परत आली.

आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. ज्याची ती आहे, त्याला विचारून सांगतो आहे.

माझा साळा गजानन बाळापूरचा. नांदगाव पेठच्या वसाहतीत कापडाच्या कारखान्यात कामाला होता, चार जणांबरोबर खोली करून राहायचा. त्याचं लग्न वैशालीशी ठरलेलं होतं, पण तारीख निघत नव्हती. वडिलांनी काढलेल्या प्रत्येक तारखेला तो "यंदा नाही" म्हणे. वाळत चालला होता. वैशालीच्या घरचे म्हणू लागले, नाही करायचं तर तसं सांगा, पोरीचं वय जाते. माझी बायको म्हणे, त्याची नांदगाव पेठेत कोणीतरी आहे.

एक दिवस गजानन टपरीवर येऊन बसला. बराच वेळ स्टोव्हकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊजी, तुमच्या तथी त्या मॅडम बसतेत न, त्या कशा आहेत?"

"काहून?"

"माह्या एका मित्राले विचारायचं होतं."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. इतकी वर्षं ज्या मित्राला मी हसत होतो, तो माझ्या घरी जेवायला येत होता. म्हटलं, "तुह्या मित्राले म्हणावं, घाबरू नोको. गर्दी कमी असते तव्हा ये. त्या बाई कोणाले काही सांगत नाहीत."

हे मी त्याला धीर द्यायला सांगितलं. ते माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

गजानन आला. दुपट्टा बांधून आत गेला. मी केटली दाराशी ठेवली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. डोळे लाल, नाक वाहतं, छातीवर हात. बाकावर येऊन बसला. मी हळूच विचारलं, "काय झालं रे?"

तो म्हणाला, "काही नाही भाऊजी. चहा लय तिखट हाय तुमचा."

आणि गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. चालण्यावरूनही काही कळेना.

घरी लीलाबाईंना मी काही सांगणार नव्हतो. त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. मग सुरू झालं. "काय निघालं?" मला माहीत नाही. "मंग विचारा त्या बाईले." त्या सांगणार नाहीत. "इतके वर्षं चहा पाजून राहिले तुमी, अन् एवढं विचारता येत नाही? माह्या भावाच्या जिवाचा सवाल हाय!"

मी ताईंकडे गेलो. "मॅडम, तो गजानन..."

"कोण गजानन?"

"माहा साळा. काल आल्ता तुमच्याकडे."

"मला आठवत नाही."

"मॅडम, मी सोताच्या डोळ्यांनं पाह्यला आत जाताना! चहा मीच पाठवला!"

"चहा आला होता," ताई म्हणाल्या, "तो आठवतो."

दुसऱ्या दिवशी भजी पाठवली. ताईंनी खाल्ली, छान झाली म्हणाल्या. मग मी शेंदूरजनाघाटहून संत्र्याची पेटी मागवली, निवडक माल. ताईंनी ती बालरुग्ण विभागात वाटली आणि रिकामी पेटी परत पाठवताना निरोप दिला, संत्री गोड होती. शेवटी मी चिडलो. म्हटलं, "मॅडम, मी परका हाव का?"

तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "शेषराव, आज मी तुम्हाला दुसऱ्याचं सांगितलं, तर उद्या दुसऱ्याला तुमचं सांगेन. मग या खोलीत कोण येईल? उंदीर? तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर एवढं ऐकून ठेवा. निकाल कोणताही असो, तो कळणं चांगलंच. नाही निघालं, तर भीती गेली. मात्र नुकताच प्रसंग घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण सुरुवातीला ते सापडत नाही. आणि निघालं, तर रोजची गोळी फुकट मिळते. ती नेमानं घेणारा माणूस म्हातारा होतो, लग्न करतो, त्याला निरोगी लेकरं होतात. फक्त लग्नाआधी दोघांना माहीत पाहिजे. दोघांना. मेव्हण्याला नाही."

पुढे गजानन आणखी एकदा आला. मग एकदा वैशालीला घेऊन आला. दोघं एकत्र आत गेली, दोघं एकत्र खोकत बाहेर आली. वैशालीनं पदरानं डोळे पुसले, गजाननानं दुपट्ट्यानं. मग दोघंही एकमेकांकडे पाहून का कोण जाणे हसली. त्यानंतर जी पहिली तारीख निघाली, तिला गजानन हो म्हणाला.

बाळापूरला लग्न झोकात झालं. आम्ही ताईंना पत्रिका दिली होती. त्या आल्या नाहीत. नवरदेवाशी ओळख नाही, म्हणाल्या. आज गजाननाची मुलगी शाळेत जाते आणि आतोबांकडून, म्हणजे माझ्याकडून, हक्कानं बिस्किटं उकळते. त्या दिवशी खोलीत काय निघालं, हे मला आजही माहीत नाही. लीलाबाईंनाही नाही. त्यामुळे बाळापूरलाही नाही.

दरम्यान माझा मुलगा हॉटेलच्या धंद्याचं शिकून आला आणि त्यानं पहिलं काम केलं ते मसाला बदलण्याचं. मला वाईट वाटलं, पण विक्री वाढली, दुकानामागून दुकान झालं. ताईंनी मात्र ताबडतोब निरोप पाठवला, "आमच्याकडे जुनाच पाठवा." मी गहिवरलो. त्या निवृत्त होईपर्यंत एकट्या त्यांच्या खोलीसाठी मी घरी जुना मसाला कुटत राहिलो.

या लेखाची तयारी म्हणून गेल्या महिन्यात मी अमरावतीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः केलेला चहा समोर ठेवला. पित्ताची पर्वा न करता मी घेतला. फार चांगला होता. मग विचारलं, "ताई, तीन टपऱ्यांचा चहा चाखून तुम्ही माझाच निवडला. त्याचं कारण तुमच्या शब्दांत लेखात घालायचं आहे."

ताई म्हणाल्या, "ते नका घालू."

मी हट्टाला पेटलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "शेषराव, ज्याला वाईट निकाल सांगायचा, तो माणूस रडतोच. रडून बाहेर गेला, की फाटकापर्यंत त्याची बातमी होते. मला असा चहा हवा होता, जो प्यायला की कोणाच्याही डोळ्यांना पाणी येईल. आणि लवकर संपणार नाही, म्हणजे सगळे सारखाच वेळ आत बसतील. रशीदभाईंचा चहा फार सुंदर होता हो. माझ्या काही कामाचा नव्हता."

मला गजानन आठवला, छातीवर हात ठेवून बाकावर बसलेला. तो त्या दिवशी रडून आला होता की नुसता चहा पिऊन, हे त्याच्या समोर उभ्या असलेल्या, तिखट कानांच्या आणि तिखट डोळ्यांच्या त्याच्या भाऊजींना कळलं नाही. चहा चांगला असता, तर कळलं असतं. आणि अफवेच्या त्या महिन्यात ताईंनी रोज दुपारी भर रस्त्यात काय गिळलं, तेही आता मला कळलं.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. गजानन महाराजांच्या कृपेनं त्यांना शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत, आणि इथून पुढे त्यांच्या वाट्याला कायम चांगला चहा येवो. तो पाठवण्याची जबाबदारी माझी. नवा मसाला, मुलाच्या हातचा. वाचकांतल्या ज्यांच्या कोणा मित्रानं अजून तपासणी केली नसेल, त्यांनी ती करून घ्यावी. ताईंच्या खुर्चीवर आता त्यांच्याच तालमीतल्या बाई बसतात आणि त्यांनाही कोणी आठवत नाही.

राहता राहिली माझ्या चार दुकानांवरची पाटी. फाटकावरच्या तीन टपऱ्यांत सगळ्यात वाईट चहा माझा होता.